काटेझुडपाच्या पोटात

मोजणीबाई झुडपात शिरल्या त्या पोटावर सरपटत, आणि अडकल्या त्या बाहेर निघताना.

मोजणीबाई हे नाव त्यांना शेळ्या चारणाऱ्यांनी ठेवलेलं. वैराण माळावर लावलेली रोपं किती जगली, किती मेली, हे मोजायचं त्यांचं काम; अकरा वर्षं त्या मेलेलीच मोजत आल्या होत्या. काटेरी झुडपं रोपांच्या वाटचं पाणी पितात, असं त्यांच्या खात्यातल्या साहेबांचं ठाम मत. म्हणून दुसऱ्या दिवशी झुडपं उपटायला यंत्र येणार होतं. त्याआधीची मोजणी करायला बाई सकाळीच आल्या. उघड्यावरच्या ओळींत नुसत्या वाळक्या काड्या. एका झुडपाच्या बुडाशी मात्र काहीतरी हिरवं दिसलं.

आत वीतभर रोप होतं. कोणी लावलेलं नव्हे, आपलं आपण रुजलेलं. बाईंनी मातीत बोट खुपसलं, तर माती गार! हरखून त्या मागे सरकल्या आणि वेणी ओढली गेली. काटे आकड्यासारखे मागे वळलेले. आत जाऊ देतात, बाहेर येताना धरतात. एक सोडवावा तर दोन रुतत. बाही अडकली, मग पाठ. पाण्याची बाटली बाहेर, फोन जीपमध्ये आणि जीप घेऊन ड्रायव्हर गेलेला.

"अहो, कोणी आहे का?" ओरडून ओरडून घसा बसला. मान वळेना. गालाखाली माती, नाकासमोर ते रोप. जिवाच्या आकांताने त्यांनी एकदा हिसका दिला, तेव्हा कानामागून रक्त ओघळलं. मग हलायचा धीरच होईना. नुसता खोल श्वास घेतला तरी पाठीत दहा ठिकाणी टोचायचं.

तेवढ्यात शेळ्या आल्या. जमिनीलगत बाईंना फक्त खूर आणि तोंडं दिसत होती. वाळकी काडीसुद्धा त्यांनी सोडली नाही. एक शेळी रोपाच्या वासाने आत मुंडी घालू लागली, काटा लागताच फुरफुरत मागे गेली. दुसरीने पलीकडून पाहिलं, तिचंही तेच झालं. शेळ्या निघून गेल्या. बाई मात्र तिथेच.

"अगं बाई, हे कोण इथे?" शेळ्यांची म्हातारी मालकीण वाकून बघत होती. "मोजणीबाई? तुम्हाला कोणी लावलं इथे?"

"मावशी, थट्टा मागाहून करा. आधी सोडवा."

म्हातारीने कोयता काढून फांदीवर धरला.

"फांदी नको!" बाई घाईने म्हणाल्या. "सावली जाईल. वेणी कापा."

"एवढ्याशा काडीपायी केस कापायचे?"

"अकरा वर्षांत मला जिवंत भेटलेली ही पहिलीच काडी आहे, मावशी."

म्हातारीने वेणी कापली, बाही फाडली आणि पाय धरून बाईंना ओढून काढलं. पाणी पाजता पाजता म्हणाली, "पोटात अशा काड्या असलेली झुडपं पुष्कळ आहेत की. विचारायचं नाही का आम्हाला?"



संध्याकाळी त्या तशाच, फाटक्या बाहीने साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या वीतभर, किडकिडीत रोपाबद्दल सांगितलं. साहेब आधी केसांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तुमचं रोप किडकिडीत आहे. झुडूप पाणी पितंच ना?"

"पितं, साहेब. पण उघड्यावरचं एक तरी जगलेलं दाखवा."

 यंत्र परत पाठवणं साहेबांच्या हातात नव्हतं. उतारावरचा एक पट्टा तेवढा सोडतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई पट्ट्याच्या कडेला उभ्या राहिल्या. यंत्र पलीकडची झुडपं मुळासकट उपटत होतं, आणि कोणत्या बुडाशी काय रुजलं होतं हे आता कळायची सोय नव्हती. निघून जावंसं वाटत होतं, पण त्या हलल्या तर यंत्रवाला हद्द ओलांडेल, ही धास्ती. दिवसभर त्या जागच्या हलल्या नाहीत. दुपारी म्हातारी आली, शेळ्या दूर बसवून त्यांच्या शेजारी उभी राहिली, आणि यंत्राचा आवाज बंद होईपर्यंत तिथून हलली नाही.