मायाक्काची मुंबई

धुळाप्पाच्या मायाक्काला एकाच आठवड्यात दोन ठिकाणी डॉक्टरीला प्रवेश मिळाला आणि सोलापुरातल्या शहाण्यासुरत्या माणसांची झोप उडाली. एक जागा मुंबईच्या कॉलेजात. तिथं मुलगे-मुली एकत्र शिकतात आणि शेवटी पदवी मिळते. दुसरी जागा उत्तरेकडच्या एका बायकांच्या मेडिकल स्कुलात. तिथं सगळ्या बायकाच, अभ्यासही थोडा कमी, आणि शेवटी मिळतो तो परवाना. पदवीवाला पोट उघडतो. परवानेवाली सुऱ्या उकळून ठेवते आणि साहेबांची वाट पाहते.

ही वाट मायाक्कानं पाहिलेली होती. तिची मावशी गोजरबाई मैंदर्गीजवळच्या एका गावात बाळंतपणात अडली, तेव्हा दवाखान्यातला परवानेवाला छोटा डॉक्टर हजर होता, हत्यारंही हजर होती. पोट उघडायचा अधिकार तेवढा हजर नव्हता. तो सोलापूरहून मोटारीतून यायचा होता. तो आला तेव्हा मावशीला शेवटचं न्हाऊ घालून झालं होतं.

म्हणून मायाक्काला मुंबई हवी होती. हे तिनं आईला सांगितलं, बापाला सांगितलं. बाकी कुणी विचारलंच नाही, त्यामुळं त्यांना सांगायचा प्रश्न आला नाही.

धुळाप्पाचं सात रस्त्याजवळ घोंगड्यांचं दुकान. दुकान शहरात आलं तरी मालक धनगरच. मेंढरं कुठल्या दिशेला न्यायची हे त्याच्या घराण्यात बिरोबाला विचारून ठरे. देवाच्या ओल्या अंगाला दोन फुलं चिकटवायची, एकेका फुलाला एकेक दिशा नेमून द्यायची, आणि जे आधी पडेल त्याच्या दिशेला कळप हाकायचा. आता लेकीला दोन दिशांनी बोलावणं आलं होतं. त्याला दुसरा उपाय सुचणार कुठून?

मुंबईला तारेनं होकार कळवायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा आम्ही सगळे गावाबाहेरच्या बिरोबाच्या देवळात बसलो होतो. ईश्वरप्पा वकीलही होते. वकीलसाहेब सुधारक. स्त्रीशिक्षणाच्या बाजूनं त्यांची व्याख्यानं होत आणि भोळ्या समजुतींविरुद्धही होत. ते आले आणि उजवं फूल कुणाचं यावर पुजाऱ्याशी हुज्जत घालू लागले. उजवं बायकांच्या स्कुलाला मिळालं, डावं मुंबईला.

"धुळाप्पा, मी मुलींच्या शिक्षणाच्या बाजूचाच," वकील मांडी ठोकून बसत म्हणाले. "पण मुंबईत मुलं-मुली एकत्र प्रेतं फाडतात. शेजारी शेजारी उभं राहून!"

"प्रेताची काय तक्रार हाय का?" मायाक्काची आई केराबाई म्हणाली.

"तसं नाही हो. प्रेत पुरुषाचं असलं तर?"

"मग बरंच की. एक तरी गप पडंल."

बायका पदराआड हसल्या. वकील हसले नाहीत. "शिवाय तिला तपासायच्या बायकाच ना? मग पदवी हवी कशाला? बायकांना परवाना पुष्कळ झाला."

हे ते सहज म्हणाले, आणि जमलेल्या पुरुषांनी सहज माना डोलावल्या. याच वकीलसाहेबांना मागच्या उन्हाळ्यात मांडीवर करट झालं होतं. तेव्हा मोठ्या साहेबाशिवाय त्यांनी कुणाला धोतराला हात लावू दिला नव्हता. करट पुरुषाचं होतं, त्याला पदवी लागते. मरायला टेकलेल्या बाळंतिणीला काय, अर्धीमुर्धी विद्या चालते.

"तुमचा रुद्रप्पा मुंबईला धाडला," केराबाईनं विचारलं, "तवा कुठल्या देवाला फुलं लावली?"

"तो मुलगा आहे."

"नापास झाला की त्यो. त्येबी दोनदा."

"नापास झाला तरी मुलगाच आहे."

वकीलसाहेबांचं वकिलीत नाव होतं ते उगीच नव्हे.

फुलं काही पडेनात. ऊन चढलं तशी मंडळी सावलीबरोबर सरकत गेली. कुणी तंबाखू मळली, कुणी तिथंच कलंडलं. तारऑफिस बंद व्हायची वेळ जवळ येत होती. वकील मात्र खुशीत होते. मुंबईची मुदत टळली की निकाल आपोआप लागणार होता. देवाला काही करायची गरजच नव्हती.

इतका वेळ खांबाशी उभी असलेली मायाक्का बापासमोर येऊन बसली.

"आबा, चारा संपलाय आन फूल पडंना, तर काय करता?"

"देवाफुडं परीक्षा घेती व्हय गं माझी?"

"सांगा की."

धुळाप्पा वैतागला. "उपाशी मेंढरं घिऊन कोण बसून ऱ्हातंय? मेंढका म्हनंल तिकडं निघायचं."

"घरी बसल्याला मालक न्हाय सांगत?"

"त्याला काय कळतंय? पाय मेंढक्याचं झिजणार. जो चालणार त्यानं बोलायचं."

"मग हितं चालणार कोण हाय?"

धुळाप्पानं देवाकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. मग मेंढक्याला विचारावं तसं, चारचौघांत, मोठ्यानं विचारलं, "बोल. कुटं जायचं?"

"मुंबई."

तो उठला. वकीलही उठले. भोळ्या समजुतींविरुद्ध व्याख्यानं देणारा तो आवाज आज थरथरत होता. "धुळाप्पा! कौल अर्धा टाकून उठायचं? देवाचा केवढा अपमान!"

"मग तुमी बसा की, वकीलसाहेब," धुळाप्पा पायात वहाणा सरकवत म्हणाला. "फूल पडलं म्हंजे निरोप धाडा. आमी तारेला चाललो."

जाताना त्यानं देवाला हात जोडले. वकिलांना जोडले नाहीत.