सात अक्षरांची जागा

मंगळवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी पाथरवट लोरेन्झने फोनवर सांगितलं, की स्मारकाच्या इंग्रजी मजकुराची पहिली ओळ कोरून झाली. इर्मगार्टने आपला अनुवाद सहज पुन्हा वाचला आणि दुसऱ्या ओळीतल्या एका शब्दाशी ती अडली.

'होखश्टिफ्टच्या गावांनी अकरा बायका चेटकिणी म्हणून जाळल्या,' असं मूळ जर्मन वाक्य होतं. होखश्टिफ्ट म्हणजे बिशप स्वतः राज्य करायचा तो मुलूख. तिने लिहिलं होतं 'डायोसीज', म्हणजे त्याचा धर्माधिकार चालायचा तो सगळा, मुलखाबाहेरचाही प्रदेश. त्यात शेजारचं रोडेनतालही येत होतं. ते गाव एका सरदाराचं. बिशपच्या मुलखातून पळून आलेल्या तिघींना त्यानेच लपवलं होतं. शनिवारी त्या तिघींचे वंशज अमेरिकेहून येणार होते. आता दगडावर रोडेनताल मारेकऱ्यांत जाऊन बसणार होतं.

तिने लगेच उलट फोन लावला. "लोरेन्झ, दुसऱ्या ओळीत डायोसीज नको, होखश्टिफ्टसाठी प्रिन्स-बिशपरिक हवंय."

"सात इंग्रजी अक्षरांच्या जागेत पंधरा? इर्मगार्टबाई, दगड काय ताणून वाढवू?"

"निदान काम तरी थांबवा."

"मी बांबर्गला आलोय. कोरायला भाऊ बसलाय, कानांवर आवाज रोखणारी टोपणं घालून. त्याला फोन ऐकू येत नाही."

कार्यशाळा बावीस किलोमीटरवर होती. गाडीतून तिने भावाला सहा वेळा फोन लावला. तीन वाजून पाच मिनिटांनी सहावा फोनही नुसता वाजत राहिला.