फरशी सरळ आहे

बुडबुडा अगदी मधोमध येऊन थांबला. पिवळट पाण्यातला, वाटाण्याएवढा, दोन काळ्या रेघांच्या बरोबर आत — आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. त्याने पाणसळ उचलली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, आडवी ठेवली होती ती काटकोनात फिरवून ठेवली. बुडबुडा जरा इकडे गेला, जरा तिकडे गेला, आणि पुन्हा मधोमध. खालच्या मजल्यावरच्या सुताराकडून ती मागून आणताना 'ही नीट दाखवते ना' असंही त्याने विचारून घेतलं होतं, आणि सुताराने नुसतं त्याच्याकडे पाहिलं होतं. म्हणजे फरशी सरळ होती. या घरात राहायला आल्यापासून ज्या फरशीवर त्याने सगळं खापर फोडलं, ती सरळ होती.

वॉशिंग मशीन भिंतीपासून ओढून त्याने मोरीच्या दाराशी आणून ठेवलं होतं. त्याच्या जागी आता फक्त धुळीची एक चौकोनी किनार, एक हरवलेला चिमटा आणि ओलसर वास होता. सकाळपासून त्याने एकेक गोष्ट निकालात काढली होती. खालची झडप उघडून गाळणी धुतली — दोऱ्यांचा लगदा, एक बटण, बायकोच्या केसांतली पीन. पाण्याची नळी वळली आहे का ते पाहिलं. चारही पाय फिरवून कुठलाच लोंबकळत नाही याची खात्री केली. तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचाच पगार घेणारा माणूस, तेव्हा या कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही असं त्याला वाटे. आणि सगळं तपासून झाल्यावर उरते ती चूक, हा त्याचा नियम होता. उरली होती फरशी. तीही आता उरली नाही.

दुपारी बायको सकाळची पाळी संपवून येईल. ती परिचारिका — आठवड्याचे पांढरे गणवेश रविवारीच धुतले जात, आणि रविवारीच या घरात तो प्रकार चाले, ज्याला ते 'धरणं' म्हणत. कपडे पिळायची वेळ आली की मशीन आधी कण्हायचं, मग थरथरायचं, आणि मग धाडधाड उड्या मारत चक्क चालायला लागायचं. सुट्टीला आलेल्या मुलीने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती हसून भिंतीला टेकली होती. बाई निघाल्या, म्हणाली होती. तेव्हापासून तेच नाव पडलं. बायको स्वयंपाकघरातून हाक मारायची, अहो, बाई निघाल्या! — की तो पेपर टाकून उठायचा, आणि दोघं दोन बाजूंनी तळवे टेकून, अंगाचा भार टाकून उभे राहायचे. दात खिळखिळे होतील असा तो आवाज. समोरासमोर, हातभर अंतरावर दोन चेहरे, आणि बोलायची सोय नाही... म्हणजे तो तरी असंच समजत होता. बायको मात्र त्या गोंगाटातच बोलायची. एरवी दिवसभर रुग्णांशी बोलून दमलेली, घरी मोजकं बोलणारी ती बाई त्या पाच-दहा मिनिटांत काय काय बोलून घ्यायची — वॉर्डातल्या म्हाताऱ्याने तिला आईच्या नावाने हाक मारली ते, बदललेल्या डॉक्टरांबद्दल, गुडघ्याबद्दल. त्याला अर्धं कळायचं, अर्धं नाही, आणि त्याने मान हलवली की तिला तेवढं पुरायचं. कदाचित कुणीतरी नीट ऐकत नाही, याचीच तिला मोकळीक वाटत असेल.

आणि मागच्या रविवारी ती म्हणाली होती, "मी गेले तर चालेल तुम्हाला?"

दुसऱ्या शहरातल्या नव्या रुग्णालयाने तिला बोलावलं होतं. नव्या परिचारिकांना शिकवायचं, सगळा विभाग हाताखाली, निदान दोन-तीन वर्षं तरी तिकडेच राहायचं. हे तिने त्याला आधी जेवताना सांगितलं होतं, मीठ कमी आहे का विचारावं तशा सुरात, आणि तो 'बघू' म्हणाला होता. 'बघू' म्हणजे नाही, हे मुलगी लहान असल्यापासून घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणूनच तिने मशीन धरल्यावर विचारलं असेल. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, एक हात मशीनवरून उचलून कानामागे नेला, मान वाकडी केली — काय? ऐकू नाही आलं. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि हातानेच सांगितलं, काही नाही.

ऐकू आलं होतं. मला स्पष्ट ऐकू आलं होतं... शब्द न् शब्द.

तेव्हापासून त्या विषयावर दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली होती. उद्या तिला उत्तर द्यायचं होतं.

फोन वाजला. मुलगी होती. बाबा, आईला काय सांगितलंस मग, असं तिने नमनाला घडाभर तेल न घालता विचारलं. तो म्हणाला, मशीन दुरुस्त करतोय. ती म्हणाली, मी काय विचारतेय आणि तू काय सांगतोयस. तो म्हणाला की फरशी सरळ निघाली, त्यामुळे आता मागची बाजू बघावी लागेल. मग ती म्हणाली, "बाबा, तू 'नको' म्हणालास तर आई जाणार नाही. एवढंच लक्षात ठेव." आणि जेवलास का वगैरे विचारून तिने फोन ठेवला.

तेच तर होतं. 'जा' म्हटलं तर ती जाईल आणि 'नको' म्हटलं तर राहील. वादावादी नाही, रुसवे नाहीत, सोमवारी उठून नेहमीसारखी कामावर जाईल, रविवारी गणवेश धुवेल, समोर उभी राहून मशीन धरेल. आणि बोलेल का? त्याला तिचं जाणं नको होतं, हे तर खरंच. रिकाम्या घराची त्याला भीती वाटत होती — साधी, पोरकट भीती, संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरताना दिवा आपणच लावावा लागतो ना, तसली. पण आपल्या शब्दाखातर थांबलेल्या बायकोसमोर रोज जेवायला बसायचं, याची त्याहून मोठी भीती वाटत होती. त्यापेक्षा ऐकू न येणं बरं. ऐकू न आलेल्या माणसाला कुणी काय म्हणणार?

तो मशीनच्या मागे गुडघे टेकून बसला, आणि ते त्याला दिसले.

पत्र्याच्या चार कोपऱ्यांना चार बोल्ट. जाड, सहाकोनी डोक्याचे, जरा गंजलेले, आणि प्रत्येकाच्या गळ्याशी राखाडी प्लॅस्टिकची चकती. त्याने ते ओळखले, कारण त्यानेच ते लावले होते. जुनं घर सोडताना सामान नेणारी माणसं खाली गाडीशी खोळंबली होती, आणि तो माहितीपुस्तिका उघडून एकेक बोल्ट बसवत होता: मशीन हलवण्यापूर्वी आतलं पिंप पक्कं बांधावं, नाहीतर प्रवासात मोडतं. माणसांनी नाक मुरडलं होतं, बायको म्हणाली होती, अहो चला ना. पण कुणी घाई केली म्हणून काम अर्धवट टाकणाऱ्यांतला तो नव्हता. किती काळजी घेतली होती! आणि इथे पोचल्यावर मशीन भिंतीला लावलं, नळी जोडली आणि बोल्ट काढायचे राहून गेले. ते पिंप स्प्रिंगांवर टांगलेलं असतं, आतल्या आत झुलावं म्हणून. त्याला जखडून टाकलं की त्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर सगळं धूड उडणार. पिंपाचा काही दोष नाही... बांधून ठेवलं तर ते तरी काय करणार. हा विचार जिकडे निघाला होता तिकडे त्याने त्याला जाऊ दिलं नाही. असले अर्थ काढणं लेखकांचं काम, आपलं काम ऱ्हस्व-दीर्घ.

पण दुसरं एक त्याला टाळता येईना. हे घर तिच्या रुग्णालयाजवळचं, त्याच्या छापखान्यापासून लांबचं. त्याने कधी तक्रार केली नाही. फक्त दर रविवारी, धरून झालं की, तो म्हणायचा, या घराची फरशीच वाकडी. दीड वर्षं ती त्यावर काही बोलली नाही, तळवे टेकून नुसती उभी राहिली, जणू फरशी तिनेच घातली होती.

त्याने पाना आणला. पहिला बोल्ट कुरकुरत निघाला, दुसरा सहज, तिसऱ्याला तेलाचा थेंब सोडावा लागला. चौथ्याला पाना लावला आणि त्याचा हात थांबला. एकच राहिला तर? एकाने मशीन जागचं हलायचं नाही फारसं, पण धडधडेल. आवाज राहील. 'बाई निघाल्या' म्हणून हाक येईल, तो उठेल, समोर उभा राहील, आणि तिने पुन्हा विचारलंच तर... त्याला स्वतःचीच शरम वाटली. आवाज हवा म्हणून मशीन बिघडलेलं ठेवणारा माणूस त्याने अजून पाहिला नव्हता. तरी तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग त्याने चौथाही फिरवला. चारही बोल्ट खिशात टाकले, भोकांवर टोपणं बसवली आणि मशीन जागेवर सरकवलं.

बायको आली ती दमलेली. चप्पल काढताना भिंतीला हात टेकून उभी राहिली, पंख्याखाली बसून पाणी प्यायली, आणि मशीन आहे ना जागेवर, असं गमतीने विचारलं. आहे, तो म्हणाला. तिने कपडे टाकले, पावडर टाकली, बटण दाबलं. तो पेपर उघडून बसला आणि एकाच ओळीवर राहिला. पाणी भरल्याचा आवाज, घुसळल्याचा, पाणी सोडल्याचा. मग ते ओळखीचं कण्हणं सुरू झालं तशी ती पदराला हात पुसत, हाक न मारताच, आपल्या बाजूला येऊन उभी राहिली. तो उठला आणि आपल्या बाजूला गेला. दोघांनी तळवे टेकले, पाय रोवले.

पिंप फिरायला लागलं. वेग चढत गेला. पत्र्याखाली एक बारीक, एकसारखी गुणगुण उमटली, आणि तेवढंच. हातांना जेमतेम गुदगुल्या व्हाव्यात इतकी थरथर. मोरीतला नळ ठिबकत होता, ते ऐकू येत होतं. खालच्या मजल्यावर सुतार काहीतरी तासत होता, तेही.

तिने मशीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काय केलंत?"

"बोल्ट राहिले होते मागे. घर बदलताना मीच लावले होते."

"म्हणजे फरशी..."

"फरशी सरळ आहे," तो म्हणाला.

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. तिच्या ओठांचा कोपरा हललाही, पण हसू तिथेच थांबलं. ती इतकी जवळ होती की तिच्या कपाळावर टोपीच्या कडेने उमटलेली रेघ त्याला दिसत होती, आणि तिचा श्वास ऐकू येत होता. आता धरायला नको, असं ती हळूच म्हणाली. हळू म्हणाली तरी त्याला ऐकू आलं, आणि ते ऐकू आल्याचं तिने पाहिलं.

तिने हात मात्र उचलले नाहीत. त्यानेही नाही. खिशातले बोल्ट मांडीला टोचत होते. ती पुन्हा विचारणार नाही, हे त्याला एकदम कळलं — तिने एकदा विचारलं होतं, तिच्याकडून झालं होतं. काय उत्तर द्यायचं ते त्याला अजूनही ठाऊक नव्हतं. 'जा' जिभेवर येत नव्हतं, 'नको' म्हणवत नव्हतं. पण या दोन्हींच्या आधीचं एक वाक्य होतं, मागच्या रविवारचं, ते मात्र आता घशाशी येऊन थांबलं होतं, आणि ते म्हणायला आवाज चढवावा लागणार नव्हता. ऐकू आलं होतं मला. कपडे पिळून व्हायला अजून थोडा वेळ होता. तो तिच्या हातांकडे बघत राहिला, आणि या वेळी गोंगाट व्हावा असं त्याला वाटलं नाही.