पालकाचा वाफा आणि माझं नाक

मी उकऱ्या बोलतोय. तुम्हाला कदाचित नुसतं भुंकणं ऐकू येईल, त्याला माझा इलाज नाही. रंगाने मी जरा जास्त भाजलेल्या पावासारखा, एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला. उकरायची खोड आहे म्हणून हे नाव पडलं. माणसं खोड म्हणतात, मी चौकशी म्हणतो. जमिनीच्या वर काय आहे ते सगळ्यांनाच दिसतं. खाली काय चाललंय ते कुणीतरी बघायला नको का?

माझा जन्म एका बेकरीच्या मागे, लाकडांच्या ढिगाआड झाला. भट्टीची भिंत आमच्या पाठीला लागून होती, त्यामुळे थंडी म्हणजे काय हे मला फार उशिरा कळलं. भावंडं एकेक करून लोकांनी नेली. मी मागे राहिलो, कारण कुणी बघायला आलं की मी नेमका पिठाच्या पोत्यामागे काहीतरी शोधत असायचो.

त्या बेकरीत ताई यायची. बाकीची गिऱ्हाइकं पाव मागायची, ताई अंड्यांची टरफलं मागायची. बेकरीवाल्याला याची मोठी गंमत वाटे. एके दिवशी त्याने टरफलांच्या पिशवीवर मला ठेवलं आणि म्हणाला की टरफलं फुकट हवी असतील तर हेही न्यावं लागेल. ताईने मला उचललं, पंजे उलटेपालटे करून पाहिले, नखांतली माती पाहिली.

"हा आमच्याच कामाचा दिसतोय," ती म्हणाली.

ताई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. तिच्या हातांना साबणाचा वास यायचा आणि साबणाखाली मातीचा. तळमजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्या आणि मागे चिंचोळं परस, एवढंच आमचं राज्य. त्या घरात कुठल्याही वस्तूला सुखाने मरण नव्हतं. चादर फाटली की तिचं पायपुसणं व्हायचं, पायपुसणं विरलं की त्याच्या चिंध्यांनी घेवड्याचे वेल बांधले जायचे. तेलाच्या रिकाम्या डब्यांत रोपं वाढायची. भाजी धुतलेलं पाणी मोरीत गेलेलं मी कधी पाहिलं नाही.

परसाच्या कोपऱ्यात ताईचा खड्डा होता. साली, देठं, बेकरीतली टरफलं, चहाचा चोथा, सुकी पानं, सगळं ती त्यात घालायची आणि वर माती पसरायची. हे पाहून मला खात्रीच पटली की ही बाई आमच्यातलीच आहे. मीही हाडूक असंच पुरून ठेवतो. पण एक कोडं सुटेना. मी हाडूक पुरलं तर हाडूकच परत मिळतं. ही बटाट्याच्या साली पुरायची आणि काढायची माती! मग साली खातं कोण? मी रोज खड्ड्याशी नाक लावून बसायचो. आधी आंबूस वास, मग उबदार, गोडसर, आणि एका सकाळी सालींचा वास पार नाहीसा. फसवलं जाऊ नये म्हणून मी उकरून पाहिलं. आत गांडुळं होती. ती काही बोलली नाहीत, ताई मात्र बरंच बोलली.

पुढे ताईचा धाकटा भाऊ आमच्याकडे राहायला आला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. मोहरीएवढी चाकं चिमट्यात धरून जागच्या जागी बसवण्यात त्याचं आयुष्य गेलं, आणि मग डोळे अधू झाले. दुकान बंद करून तो आला तो खिडकीशी खुर्ची टाकून बसला. जेवायला हाक मारली की उठायचा, पुन्हा बसायचा. त्याचे हात मांडीवर नुसते पडून असायचे. मी कधीकधी ते चाटून बघायचो, जागे आहेत की नाही ते.

ताई त्याला परसात बोलवायची. तो म्हणायचा, कचऱ्याला कुरवाळण्याएवढा मी अजून म्हातारा झालेलो नाही.

थंडी ओसरली, माती भुसभुशीत झाली. वसंतात जमिनीला जो वास येतो त्याबद्दल तुम्हाला सांगून उपयोग नाही, तुमची नाकं फार लहान. ताई कामावरून आली की अंधार पडेपर्यंत वाफ्यांत वाकलेली असायची. भिंतीलगत पालक, मधे गाजर, दारापाशी टोमॅटोची रोपं. पानं खाणाऱ्या गोगलगायी ती हाताने वेचायची, औषध मारायची नाही. मी मदतीला गेलो की मला खुंटीला बांधायची.

आणि मग तो दुसरा वास सुरू झाला.

वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहायच्या. त्यांचं बाळ अगदी तान्हं होतं. खिडकी उघडली की घाण वास येतो, बाळाला मळमळतं, अशी त्यांनी घरमालकांकडे तक्रार केली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. वास खरंच होता. मालक नाकाला रुमाल लावून खाली आले, खड्ड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुमचा छंद मला समजतो. पण लोकांनी खिडक्या बंद करून राहायचं का? पुढच्या आठवड्यात माणसं पाठवतो. सगळीकडे सिमेंट टाकून घेऊ."

ताई वाद घालणाऱ्यांतली नव्हती. तिने खड्ड्यावर सुकी पानं घातली, राख घातली, फावड्याने तो वरखाली केला. वास तसाच. शेवटी तिलाच वाटू लागलं की आपलंच कुठेतरी चुकलं. गाजरांना अजून बोटभरही पाला नव्हता. ती टोमॅटोची रोपं उपटून डब्यांत भरू लागली, कुणाकुणाला देण्यासाठी.

मला कळेना, हिला वास कुठून येतोय तेही कळत नाही? खड्डा बिचारा गोडच होता. वास येत होता भिंतीपाशी, पालकाच्या खालून. साबण, केस, शिळं पाणी आणि त्याखाली आणखी वाईट काहीतरी. मी तिथे जाऊन उकरलं. पालकाची एक ओळ गेली. ताईने मला बांधलं. दुसऱ्या दिवशी दोर सुटला, मी पुन्हा तिथेच उकरलं. त्या संध्याकाळी ताईने मला पायरीशी बांधलं आणि माझ्यावर हात उगारला. मारलं नाही. हात तसाच खाली आला आणि ती पायरीवर बसून रडली. उरलेले थोडे दिवस तरी नीट राहू दे रे, असं मला म्हणत होती. मी तिचं तोंड चाटलं आणि पुन्हा भिंतीकडे पाहून भुंकलो. दुसरं काय करणार?

खिडकीतली खुर्ची करकरली. भाऊ दारात येऊन उभा राहिला.

"ताई, कुत्रा चुकत असेल," तो म्हणाला, "पण एकाच ठिकाणी चुकतोय. काटा रोज एकाच आकड्यावर अडला तर मी काट्याला दोष देत नसे, आत बघत असे."

तो भिंत चाचपत पालकाच्या वाफ्यापर्यंत आला आणि गुडघ्यांवर बसला. किती महिन्यांनी ते हात मांडीवरून उठले होते! त्याने चिमूटभर माती घेऊन बोटांत चोळली. तिला विचारलं, इथे आज पाणी घातलंस का? तिने घातलं नव्हतं. माती तर चिकट ओली होती. मग त्याने माझा दोर सोडला.

आम्ही दोघांनी मिळून उकरलं. मी पुढच्या पायांनी, तो खुरप्याने. ताई आधी नको नको म्हणत होती, मग तीही फावडं घेऊन आली. पालकाचा वाफा संपला, आणि खाली वरच्या न्हाणीघराचा मातीचा जुना पाइप निघाला. मधोमध फुटलेला. त्यातून कुणास ठाऊक कधीपासून घाण मातीत झिरपत होती.

सिमेंटवाले आले तेव्हा मालकही बरोबर होते. ताईने भिंतीपाशी उकरलेल्या जागेकडे बोट दाखवलं. मालकांनी वाकून पाहिलं, रुमाल पुन्हा नाकाला लावला आणि त्या माणसांना म्हणाले, सिमेंट राहू द्या, आधी प्लंबर आणा.

पाइप बदलला, वास गेला. शिंपीणबाई बाळाला कडेवर घेऊन खाली आल्या, फार ओशाळल्या होत्या. ताईने त्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवसापासून वरून दोरीला बांधलेली बादली खाली येऊ लागली. तिच्यात वरच्या घरच्या साली असायच्या, आणि एखादं पिकलेलं केळं माझ्या नावाचं.

भाऊ पुन्हा खुर्चीत बसला खरा, पण खुर्ची आता परसात होती. गाजराचं बी किती बारीक असतं! ताईच्या जाड झालेल्या बोटांतून ते भसाभस सांडायचं. भाऊ ते न पाहता एकेक करून पेरायचा. पालक त्यानेच पुन्हा लावला.

आता माझी दाढी पांढरी झाली आहे. मागचे पाय कुरकुरतात, दूरची हाक ऐकू येत नाही. ताई धुलाईघरातून निवृत्त झाली. भाऊला उजेड आणि अंधार यापलीकडे फारसं काही दिसत नाही. सकाळी तो माझ्या पाठीवर हात ठेवून वाफ्यांतून फिरतो. मी मध्येच थांबतो, त्याचा हात पुढे जातो, आणि पानांआड पिकलेला टोमॅटो अलगद त्याच्या तळव्यात येतो. कच्च्यापाशी मी कधी थांबत नाही. एवढी इभ्रत मी राखली आहे.

माणसांनो, तुमच्याकडे फावडी आहेत, सिमेंट आहे, आणि झाकून टाकायची फार घाई आहे. मी आता किती वसंत हुंगेन ते ठाऊक नाही, म्हणून सांगून ठेवतो. कुठे वास आला तर आधी थोडं उकरून बघा. आणि तुमच्या दारचा कुत्रा एकाच जागी पुन्हापुन्हा जात असेल, तर त्याला बांधण्याआधी त्याच्या शेजारी जरा गुडघे टेकून बसा.

चला, भाऊ उठलेला दिसतोय. आज शेवग्याखालची माती काहीतरी नवीनच सांगते आहे, ते अजून बघायचं राहिलंय.