अर्ध्या वाटेवरचा एमू

मी एक अर्धाच रंगलेला कॅनव्हास. जे सांगतो ते जळफळत सांगतो, तेवढं सांभाळून घ्या.

मला आणि माझ्या भावाला एकाच ताग्यातून फाडलं. ओसरीवर मांडी घालून घरातल्या थोरल्या मुलानं आम्हा दोघांवर एमू पक्ष्याची तीच वाट ठिपक्यांनी काढायला घेतली, पाणवठ्यामागून पाणवठा, बापाकडून आलेली. भाऊ पुरा झाला, त्याला चित्रं जमवणाऱ्या हॉलोवेबाईंनी विकत नेलं. मी अर्ध्यावर असताना थोरला गेला. त्याचं नाव सांगणार नाही. गेलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत.

रीतीप्रमाणे घरच्यांनी ते घर सोडलं, त्याच्या वस्तू जाळल्या. मला तेवढं त्याच्या धाकट्या भावानं, डेल्विननं, आगीपासून ओढून गाडीत मागे टाकलं. माझ्यावर कुत्री झोपायची. आणि भाऊ म्हणे बाईंच्या संग्रहातून निघून शहरातल्या प्रदर्शनात चाललेला. पांढरी भिंत, त्याच्यासाठी वेगळा दिवा. ऐकूनच माझे रंग तडकले.

बाईंनी डेल्विनला प्रदर्शनाला बोलावलं, मलाही आणायला सांगितलं. मेव्हिसआत्या सोबत आली. दारातच थोरल्याचा मोठा फोटो, खाली ठळक नाव. डेल्विन मागं फिरला आणि मला छातीशी धरून फुटपाथवर ढसाढसा रडला.

मेलेल्याला दारात उभं करून पाहुणे बोलावता होय, असं आत्यानं बाईंना सुनावलं. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच्या शालीनं फोटो झाकला, नावावर कागद चिकटवला. मग डेल्विन आत गेला. भिंतीवरच्या माझ्या भावासमोर उभा राहिला तो हलेचना. माझ्याकडे त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी मला उलगडलं. म्हणाल्या, शेवटचं काम आहे, असंच अर्धं शेजारी लावू. माझं अंग शहारलं. तीच भिंत, तोच दिवा!

"नाही," डेल्विन म्हणाला.

मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"मग काय कुत्र्यांना अंथरणार?" आत्या म्हणाली. "वाट बापाची आहे, म्हणजे तुझीही. एमूला किती दिवस तहानलेला ठेवशील?"

"माझा हात त्याच्यासारखा नाही, आत्या."

"त्याचा तरी बापासारखा कुठं होता?"

हल्ली मी आत्याच्या अंगणात असतो. डेल्विनचे ठिपके जाडे, वाकडे. मध्येच रंगाची काडी टाकून उठतो, डोळे पुसतो, परत बसतो. थोरल्याच्या बाजूला तो बोटही लावत नाही. आता माझ्याच त्या अर्ध्या अंगाला या अर्ध्याचा हेवा वाटतो.

प्रदर्शनाला गेलात तर माझ्या भावाला खुशाल बघा. मला मात्र बोलावू नका. मी अजून ओला आहे.