एर्मेलिंदाच्या अंगणातली सग्रांतिनो

मी सग्रांतिनो बोलतेय, काळ्या द्राक्षांची वेल. इटलीतल्या मॉन्तेफाल्को गावात, एर्मेलिंदाच्या अंगणातल्या भिंतीला धरून मी साठ वर्षं उभी होते. माणसांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. वर्षभर जो हात मला कुरवाळतो, फेब्रुवारीत त्याच हातात कात्री असते.

एर्मेलिंदाही माझ्यासारखीच. नवरा गेल्यापासून ती दार अर्धंच उघडायची. माझे काळे घड ती माळ्यावर बोरूच्या चटयांवर सुकवायची आणि ईस्टरपुरती गोड, दाट वाइन करायची. नुसती गोड नव्हे; मागून अशी तुरट, की जीभ टाळूला चिकटावी. आजूबाजूच्या माझ्या बहिणी उपटल्या गेल्या. तिथे भरघोस पिकणाऱ्या जाती आल्या.

एका जूनमध्ये शेतकीचा मास्तर ओरेस्ते आला आणि माझी पानं उलटून बघू लागला.

"काकू, छाटणीच्या वेळी हिच्या चार काड्या द्याल का? उतारावर लावीन. ही जात संपत चाललीय."

"काड्या हव्यात, की अंगणावर डोळा आहे?"

तो नुसता हसला. एर्मेलिंदा आत गेली आणि वाइनचा पेला भरून घेऊन आली. "घे, हिचीच आहे."

मी चपापले. ती माझी नव्हतीच, दुकानातली होती! ओरेस्तेने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "चांगली आहे, काकू. पण ही या वेलीची नाही."

एर्मेलिंदाने पेला उचलून आत नेला. छाटणीच्या दिवशी मात्र तिने त्याला निरोप धाडला. "कात्री माझी, कापणार मी. तू नुसतं धरायचंस."

चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून तो गेला. हा त्यांचं नक्की काय करणार, या विचाराने मी आठवडाभर अस्वस्थ होते.

पण घाव आला तो घरातूनच. तिचा भाचा फाउस्तो याला अंगणात गाडी उभी करायची होती. शरदात एर्मेलिंदा बहिणीकडे आठ दिवस राहायला गेली, आणि त्याने मला बुंध्यापासून करवतीने कापलं. वर सिमेंट ओतलं.

ती परतली तेव्हा म्हणाला, "आत्या, वेलीला रोग लागला होता. तो पानं चिवडणारा मास्तरच घेऊन आला असणार."

तिने ते खरं मानलं. पानं चिवडताना त्याला तिने स्वतः पाहिलं होतं ना! ओरेस्ते धावत आला, तर दाराआडूनच म्हणाली, "तू मला मेलास. जा."

मी मात्र मेले नव्हते. काडीतून वाढते ती दुसरी कोणी नसते, मीच असते. उतारावर ओरेस्तेने मला पाणी घातलं, पाल्याने झाकलं, माझ्याच काड्यांनी रांग वाढवली. तरी त्याची सावली पडली की मी अंग चोरायचे.

सहाव्या ईस्टरला तो बाटली घेऊन तिच्या दारात उभा राहिला. आत टेबलावर भाजलेलं कोकरू होतं, समोर फाउस्तो बसला होता.

"काकू, एकच घोट घ्या. मग हाकला."

तिने बूच हुंगलं. पेला उजेडात धरला. पुन्हा हुंगलं. शेवटी ओठाला लावला. त्या पेल्यात मीच होते; तिच्या जिभेला मी घट्ट धरलं.

तिने पेला फाउस्तोसमोर ठेवला. मग म्हणाली, "फाउस्तो, तिला रोग होता म्हणालास ना? रोगट वेलीच्या काड्या अशा फळतात?"

फाउस्तो ताटातली हाडं चिवडत राहिला.

"ऊठ तिथून," ती म्हणाली. "ओरेस्ते, तू बस. कोकरू गार होतंय."

आता उतारावर माझ्या बारा रांगा आहेत. एर्मेलिंदा काठी टेकत येते, प्रत्येक बुंधा दाबून बघते, ओरेस्तेला उगाच दरडावते. तुम्हीही या. फक्त येताना दोन्ही हात पुढे ठेवा. रिकामे दिसले, तर सावलीत बसायला माझी ना नाही.