पुढचा डावा कोपरा

बेहालाच्या गल्लीतून बाहेर पडताना सुधाताईंनी वळण घेतलं आणि गाडी एका अंगाला कलली. ब्रेक लावताच तिने नाक खाली घातलं आणि उगीच डुलत राहिली. शेजारी बसलेल्या शंतनूने आईला गाडी कडेला घ्यायला लावली आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"आई, आता पुरे. तुझे हात पूर्वीसारखे राहिले नाहीत."

सुधाताईंना हे फार लागलं. नवऱ्याची, मनोहररावांची, बँकेतून इथे बदली झाली तेव्हापासून त्या ट्रामच्या रुळांवरून, हातरिक्षांच्या गर्दीतून गाडी हाकत आल्या होत्या. या शंतनूच्याच वेळी कळा सुरू झाल्या, तेव्हा दुर्गापूजेच्या गर्दीतून इस्पितळापर्यंत त्यांनीच गाडी नेली होती. घाम फुटला होता तो शेजारी बसलेल्या मनोहररावांना.

"मग तू चालव," त्या म्हणाल्या.

पुढच्याच वळणावर गाडी तशीच कलली, तशीच डुलली.

"रस्ता खराब आहे," शंतनू पुटपुटला.

"मघाशी माझे हात खराब होते. आता रस्ता का?"

घरी पोचताच त्या उतरल्या. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून त्यांनी सगळा भार टाकला आणि सोडून दिला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर. मग उजवा कोपरा तसाच दाबला, तो मात्र एकदाच उसळून गप्प बसला.

"शॉकअ‍ॅब्सॉर्बर धड असला की असा बसतो. डावा बघ कसा मान डोलावतोय. चाकाच्या आत हात घाल."

शंतनूने हात घातला. बोटं काळ्या तेलाने माखून बाहेर आली.

"गळतोय गं."

"माझे हात नव्हेत, हा म्हातारा झालाय."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पुढचे दोन्ही बदलले. "उजवा चांगला होता ना?" शंतनूने विचारलं.

"एका पायात नवी चप्पल, दुसऱ्यात झिजलेली, असं चालशील तू?" म्हणत सुधाताईंनी हात पुढे केला. शंतनूने किल्ली दिली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसला.

"कुठे निघालीस?"

"बजबज. नदीवर. पट्टा लाव."

वाटेत बायकोचा फोन आला. "हो, आईच चालवतेय," तो म्हणाला. "नाही गं, काळजी कसली? तू बघायला हवी होतीस!"

सुधाताईंनी ऐकलं. मान न वळवता त्यांनी गिअर बदलला.